आपल्याच माणसाला काय विचारायचं

पेशंटला टेबलावर घेतलं की सुरी लावण्याआधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं आणि मोठ्याने विचारायचं: नाव काय, ऑपरेशन कसलं, कुठल्या बाजूचं, कुठलं औषध चालत नाही? पेशंट शुद्धीवर असेल तर त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे, आणि हे विचारायचं काम माझं. पण आमच्याकडे नाव विचारलं की माणसाचं डोकंच फिरतं. "अगो, तुझ्या लग्नात पंगतीला वाढलंय मी, आणि मलाच नाव विचारतेस?" मग सर्जन हसतात आणि म्हणतात, "सिस्टर, पुरे आता." मी पुरे करत नाही. माझ्या माघारी मला हेडमास्तरीण म्हणतात, ठाऊक आहे मला. म्हणोत बापडे.

बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात करायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. बाबा एसटीत कंडक्टर होते, जन्म राजापूरच्या गाडीवर गेला. तरुणपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने घसा सुजून ते मरता मरता वाचले होते. तेव्हापासून ही गोष्ट ते ज्याला त्याला सांगत सुटायचे, अगदी केस कापणाऱ्यालासुद्धा. आई वैतागायची, "अहो, तो काय तुम्हाला इंजेक्शन देणारे?"

मी आमच्या नेहमीच्या भूलतज्ज्ञांना सांगून ठेवलं होतं. केसपेपरवर लाल शाईने लिहिलंही होतं. घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आत थांबायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून त्या दिवशी मी साडी नेसून आईशेजारी बाहेर बाकावर बसले. भूलतज्ज्ञ तापाने आडवे झालेत आणि त्यांच्याऐवजी चिपळूणहून दुसऱ्या डॉक्टर आल्यात, हे मला बाहेर कोण सांगणार?

आत काय झालं ते माझ्या हाताखालच्या सिस्टरने नंतर मला रडत रडत सांगितलं. बाबांना आत नेल्यावर सगळ्यांनी त्यांना घेरलं. कोणी हात धरला, कोणी उशी नीट केली. "आमच्या सिस्टरचे बाबा!" मग त्यांना नाव काय विचारायचं? प्रश्नांच्या कागदावर खुणा आधीच झालेल्या होत्या. वॉर्डला वाटलं, ऑपरेशनआधीच्या अँटिबायोटिक इंजेक्शनचा टेस्ट डोस थिएटरमध्ये देतील. थिएटरला वाटलं, वॉर्डात दिला असेल. चिपळूणच्या डॉक्टरांना वाटलं, इथल्याच सिस्टरचे वडील, म्हणजे सगळं बघितलेलं असणार; केसपेपर त्यांनी उघडलाच नाही. आणि बाबा शुद्धीवर होते हो! कमरेखालीच भूल द्यायची होती. ते म्हणाले, "बाय, मला एक इंजेक्शन..." तर सगळ्यांनी त्यांना गप्प केलं. "बाबा, आम्हाला सगळं माहितीये. तुम्ही शांत पडा." प्रेमाने बोलले ते, आणि पेनिसिलिनच्याच जातीचं इंजेक्शन देऊन मोकळे झाले. जळलं मेलं ते प्रेम!

दार उघडून सर्जन बाहेर आले, तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी उभी राहिले. इतकी वर्षं तो चेहरा मी आतून बघितला होता, दुसऱ्यांच्या घरच्यांसाठी. त्यांनी शक्य ते सगळं केलं, हे मला मान्य आहे. बाबा परत आले नाहीत.

तेराव्यापर्यंत सगळं हॉस्पिटल आमच्याकडे येत होतं. कोणी पेज आणली, कोणी नुसतं बसून राहिलं. चिपळूणच्या डॉक्टर आल्या आणि उंबऱ्यातच रडू लागल्या. मी आत निघून गेले. मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं. आईने त्यांना आत बोलावून पाणी दिलं.

पुढे मी कामावर परतले. आता आमच्याकडे प्रश्न विचारल्याशिवाय सुरी हातात कोणी घेत नाही. सर्जन स्वतः म्हणतात, "सिस्टर, विचारा." कोणी हसत नाही. हे बघून बरं वाटावं की नाही? मला नाही वाटत. विचारता विचारता मी उगाच कोणावर तरी खेकसते.

यंदा आईच्या पित्ताशयात खडे निघाले. मी म्हटलं, आमच्याकडेच करू, मी स्वतः बघते, आता काही चुकत नाही. ती तांदूळ निवडत होती. सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला. मग म्हणाली, "त्यांनी आत सांगितलं असेल ना गो? ते तर सगळ्यांना सांगायचे."

आजवर तिला हे मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र खोटं बोलवेना. म्हटलं, "सांगत होते. कोणी सांगू दिलं नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "मग मला कोल्हापूरला ने," ती म्हणाली. "तिथे तुला कोणी ओळखत नाही."