सावकाश येणारा मुराळी

कुठेही पोचायची घाई असलेली माणसे मी खूप पाहिली, मी स्वतः त्यांतलाच एक आहे; पण पोचण्याचाच मनापासून राग असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो आमच्या घरात निपजला. ते म्हणजे माझे धाकटे काका. राहतात करमाडला. तिथून शहरात, उस्मानपुऱ्यात आमच्याकडे यायला शहाण्या माणसाला तासभर लागतो. काका सकाळची न्याहारी करून निघतात आणि आमच्याकडे रात्रीच्या जेवणाचा कुकर लागला की दारात उभे असतात. कुठे होतात, असे विचारले तर म्हणतात, "येतच होतो की."

लाल बस असेल तर ती प्रत्येक फाट्यावर थांबणारी हवी, आगगाडी असेल तर पॅसेंजर. ती कुठल्या तरी आडबाजूच्या स्टेशनात एक्स्प्रेसला वाट द्यायला उभी राहिली की डबाभर लोक कुरकुरतात. काका तेवढे खूश होऊन दशमी-चटणीची शिदोरी सोडतात. गळ्यात एक दुर्बीण असते. तिची उजवी काच कधीच निकामी झाली आहे. तरी शेजारच्या अनोळखी माणसाच्या डोळ्याला ती लावून, "उजवा डोळा मिटा, आता बाभळीच्या शेंड्याकडं बघा," असे फर्मावताना त्यांना जराही संकोच वाटत नाही. एकदा मी हौसेने त्यांना माझ्या नव्या गाडीतून अजिंठ्याला नेले. काचा वर, एसी चालू, सुसाट. उतरल्यावर म्हणाले, "गाडी लई चांगली हाय तुझी. आता मधलं सगळं कवा दाखवतोस?" मी किल्ली खिशात टाकली आणि लेण्यांच्या तिकिटांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

असा हा माणूस आमच्या घराण्याचा कायमचा मुराळी. पंचमीला सासरच्या लेकीला आणायला माहेरचा जो माणूस जातो, तो मुराळी. काकांना स्वतःची लेक नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्याच लेकी त्यांच्या. माझी थोरली बहीण कन्नडला दिलेली. तिला घेऊन येताना वेरूळ आले की काका तिच्यासकट खाली उतरत. कंडक्टर बिचारा म्हणायचा, "ओ काका, तिकीट शेवटपर्यंतचं काढलंय तुम्ही." काका खालून सांगायचे, "काढलं म्हणून गेलंच पायजे का? तू हो म्होरं." मग कैलास लेण्यापुढच्या झाडाखाली बसून दोघे पेरू खात. एका वर्षी खुलताबादच्या घाटात मोर दिसला म्हणून उतरले, आणि इकडे आईने उकडून ठेवलेली पुरणाची दिंडं थंडगार झाली. दोघे दारात आल्यावर आई म्हणाली, "भावजी, तुम्हाला पोरगी आणाया धाडलं का रान राखाया?" काकांनी गुपचूप पाय धुतले. ताईने मात्र कधी तक्रार केली नाही. मी एकदा तिला चिडवायला गेलो, तर म्हणाली, "सासरी सून, माहेरी पाव्हणी. मधला रस्ता तेवढा माझा असतो रे."

यंदा माझ्या लेकीची, मनूची, पहिली पंचमी. सासर नाशिकचे. जावयांचा फोन आला, "बाबा, मीच गाडीनं सोडतो. समृद्धीवरून येऊ, दुपारच्या आत घरी. न्यायलाही मीच येईन." माझ्यासारख्याला याहून गोड वाक्य नाही. मी लगेच हो म्हटले. अडचण एवढीच होती की आदल्या रात्रीच करमाडहून आलेले काका समोर बसले होते. धुतलेली टोपी, दुर्बीण, पिशवीत पेरू. मी चाचरत सांगितले. ते म्हणाले, "बरंय की. पोरगी आरामात येईल." आणि दुर्बिणीची ती निकामी काच बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. आमच्या घरातले मुराळीपण त्या सकाळी संपले, हे आम्हा दोघांनाही कळत होते आणि आम्ही चहा पीत होतो.

कप खाली ठेवतो तोच मनूचा फोन. "बाबा, यांनी मला न विचारताच ठरवलं. आजोबांना पाठवा ना. मला मनमाडहून पॅसेंजरनं यायचंय."

काकांनी फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. "व्हय माय, निघालोच. खिडकी धरू आपण. अनकईचा डोंगर बघू, नगरसोलच्या म्होरं काळविटं असत्यात, मग दौलताबाद." बोलता बोलता ते पायांत चपला घालत होते. माझ्या आठवणीत काकांनी केलेली ही पहिलीच घाई.

परतीची गाडी अर्थातच उशिरा आली. मी फलाटावर येरझाऱ्या घालून दमलो होतो. मनू उतरली तेव्हा तिच्या एका गालावर काकांच्या सदऱ्याची शिवण उमटली होती.

"काळवीट दिसलं का गं?" मी विचारले.

"कसलं काळवीट, बाबा. मनमाडला बसले ती इथंच उठले."

मी काकांकडे पाहिले. मोरासाठी धावती बस सोडणारा माणूस. ते डावा खांदा चोळत होते.

"कळप होता," ते मला एकट्याला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले. "लई जवळ आलता. पर उठवली नाय. नव्या घरात धड झोप लागत नसंल पोरीला." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "चल माय. राहिलेलं जाताना दाखवतो."

जाताना जावई गाडी घेऊन येणार होते. ते काकांना मी अजून सांगितलेच नव्हते. स्टेशनाबाहेर माझी गाडी उभी होती. तिच्याकडे ढुंकूनही न बघता आजोबा-नात उस्मानपुऱ्याकडे पायी निघाले. मी मागे थांबलो आणि जावयांना फोन लावला. म्हटले, "मनूला न्यायला येऊ नका. काका पोचवतील, पॅसेंजरनं."

"अहो बाबा, पण सगळा दिवस जाईल त्यात."

"जाऊ द्या," मी म्हणालो.

मग गाडी तिथेच ठेवून मीही चालू लागलो. दोघे अजून फार लांब गेले नव्हते.