साहेब येणार म्हणून

"पोरगीले आज शाळामा आनू नको. साहेब येनार शेतस."

जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, शाळेच्या फाटकात उभे राहून मोठ्याने म्हणाले. माझ्याकडे न बघता. पोरं सोडायला आलेल्या बाया थांबल्या. एक जण हसली, "ऱ्हाऊ दे ना घरमा, बाई. शाळामा काय कलेक्टर व्हनार शे का ती?"

जेठ शाळेच्या समितीचे अध्यक्ष. माझी पोर नऊ वर्षांची. दोन-चारच शब्द बोलते. मध्येच ओरडते. शाळा तपासायला साहेब आले की तिला घरी ठेवायचं, हे दरवेळचं.

आमच्यात जेठासमोर बाई बोलत नाही. पदर पुढे ओढते, मान हलवते. मी आजवर मानच हलवली. त्याही दिवशी हलवली, आणि पोरीला घेऊन घराकडे वळले.

पोर वाटेतच बसली. शाळेकडे हात करून रडायला लागली. उचलू गेले तर मला चावली.

मी पण तिथंच बसले. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या होत्या, अशा पोरांना शिकवायला तालुक्याहून वेगळ्या बाई येतात. आमच्याकडे कधीच आल्या नाहीत. येतील कशा? साहेबांना माझी पोर कोणी दिसूच दिली नाही. आणि तिला लपवणारी कोण? मीच की.

पोरीला कडेवर घेतलं आणि परत गेले.

साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. शेजारी जेठ.

"साहेब, ही पण याच शाळेची. हिला शिकवायला बाई कधी येतील?"

जेठ उठले. "मन्हा समोर बोलस व तू?"

"हो. बोलस."

साहेब म्हणाले, "ताई, अशी मुलं घरीच बरी असतात."

"नाही."

पोर ओरडली. मी तिचं तोंड दाबलं नाही. साहेब म्हणाले, "बघू."

जेठांच्या घरून बोलणं बंद झालं. नवरा म्हणतो, पाया पड, मिटव.

नाही पडणार. ते 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला कळतं. रोज पोरीला वर्गात बसवून येते. सोमवारी तिला घेऊन तालुक्याला, जामनेरच्या पंचायत समितीत जाणार. बाई कोणत्या दिवशी येणार ते सांगेपर्यंत तिथून उठणार नाही. जेठ आडवे आले तर त्यांच्याशीही बोलेन.