बदकांची शिकवणी

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांनी तीस वर्षांत हजारेक माणसांना गाडी शिकवली. पद्धत एकच: आधी भीती घालवायची, मग गाडी. "गाडी काय खाते का तुम्हाला?" हा पहिला धडा. भित्र्यातल्या भित्र्या माणसाला ते आठ दिवस नुसतं बंद गाडीत बसवून गप्पा मारत, आणि नवव्या दिवशी तो आपणहून किल्ली मागे. हा माणूस पालथ्या घड्यातही पाणी भरून दाखवील, असं लोक म्हणत. मास्तरांनाही ते खरं वाटायला लागलं होतं, हीच काय ती पंचाईत.

मास्तरांना मूलबाळ नव्हतं. बायकोनं हौसेनं दिव्याच्या उबेवर अंडी ठेवून बदकाची दोन पिल्लं काढली आणि त्यांना थोरली, धाकटी म्हणायला लागली. पुढं बायको गेली. थोरली आणि धाकटी राहिल्या. परसातल्या सिमेंटच्या टाकीत त्या दिवसभर डुंबायच्या आणि संध्याकाळी मास्तर आले की त्यांच्या पायात पायात करत स्वयंपाकघरात यायच्या. मास्तर त्यांना दिवसभरातली विद्यार्थ्यांची फजिती सांगत. त्या घरात दुसरं ऐकणारं कोणी नव्हतंच.

मग घरमालकानं घर विकलं. मास्तरांना तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. तिथं माणसालाच कूस बदलायची चोरी, बदकं कुठं ठेवणार? तेव्हा त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मदतीला आली. या बाई गावाबाहेर मासे पाळायच्या. "आणून सोडा माझ्याकडे, मास्तर," त्या म्हणाल्या. "तळं आहे, कुंपण आहे. बदकांना आणखी काय लागतं?"

लागत काही नव्हतं, पण रस्ता चार तासांचा होता आणि थोरली गाडीचा आवाज आला की भिंतीकडे तोंड करून थरथरायची. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "घाबरलेलं बदक पेटीत धापा टाकून मरतं. जपून न्या." मास्तरांच्या जिवाला घोर लागला. शेवटी त्यांनी जे येत होतं तेच केलं. शिकवणी लावली.

पहिला आठवडा बंद गाडी परसात उभी, दार उघडं, आत जाळीच्या झाकणाचं क्रेट आणि क्रेटमध्ये मटार. दुसऱ्या आठवड्यात इंजिन सुरू ठेवून मटार. तिसऱ्या आठवड्यात हॉर्न वाजवायचा आणि लगेच मटार द्यायचे. चौथ्या आठवड्यात पहिल्या गिअरमध्ये मैदानाला फेऱ्या. महिन्याच्या शेवटी हॉर्न वाजला की दोघी तुरुतुरु धावत बंपरला चोची लावायला लागल्या. मास्तर शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवत. इतक्या हुशार विद्यार्थिनी आपल्याला आजवर मिळाल्या नाहीत, असं ते म्हणायचे.

प्रवास तर दृष्ट लागावी असा झाला. क्रेटमध्ये जुनी गोणी, वर सुकं गवत. दोघी एकाच क्रेटमध्ये, कारण एकमेकींना दिसल्या नाहीत तर ओरडून जीव काढतात. क्रेटला सीटबेल्ट. काचा चार बोटं खाली. दर तासाला सावलीत थांबून पाण्याचं भांडं पुढं करायचं आणि चालू लागण्याआधी काढून घ्यायचं, नाहीतर सगळं गवत ओलं. चोच उघडी पडली की समजायचं, उकडतंय. चार तासांत एकदाही पडली नाही. मास्तर इतक्या हळू चालले होते की सायकलवाले पुढं गेले.

सोडून निघताना दोघी फाटकापर्यंत गाडीमागं धावल्या. बाईंनी त्यांना उचलून आत नेलं. "माहेर सुटताना सगळ्याच रडतात हो," त्या हसून म्हणाल्या. "चार दिवसांत विसरतील."

आठव्या दिवशी बाईंचा फोन आला. "मास्तर, थोरली गेली."

मासे न्यायला टेम्पो आला होता. त्याला बघून दोघी धावत गेल्या, आणि थोरली थेट चाकापुढं जाऊन उभी राहिली. "ड्रायव्हरचा दोष नाही हो," बाई रडवेल्या झाल्या होत्या. "हॉर्न वाजवून वाजवून थकला बिचारा, शेवटी हलली असेल समजून पुढं आला. ती हललीच नाही."

कशी हलेल? हॉर्नला भ्यायचं नाही, हे तिला तिसऱ्या आठवड्यात शिकवलं होतं. मास्तरांना दुसऱ्या कुणावर खापर फोडायचीही सोय नव्हती.

"धाकटीचंही तेच आहे," बाई म्हणाल्या. "टेम्पो तर दिवसाआड येतो. कोंडून ठेवली तर अन्नाला शिवत नाही. काय करू सांगा."

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन तिथं पोचले. त्यांना बघताच धाकटी तळ्यातून बाहेर पडून पंख फडफडवत आली. मास्तर खाली उतरले नाहीत. त्यांनी गाडी थोडी मागं घेतली, हॉर्नवर हात दाबून धरला आणि तिच्या अंगावर घातली. वीतभर अंतरावर ब्रेक दाबला. धाकटीनं मान वाकडी करून मटारची वाट पाहिली.

त्यांनी पत्र्याचा डबा बडवला, खिडकीतून शिव्या दिल्या. आयुष्यात कुठल्या विद्यार्थ्याला दिल्या नव्हत्या तसल्या. ती बंपरला चोच लावून उभीच. मग मास्तरांनी दात आवळले आणि ब्रेक वीतभर उशिरा दाबला. धाकटी कोलमडली, दोन-चार पिसं उडाली. उठून ती पुन्हा आली. त्यांनी पुन्हा पाडली. बाईंनी पदर तोंडाला लावला. "बास करा, मास्तर, मरेल ती!"

"मरू नये म्हणूनच चाललंय," मास्तर म्हणाले. त्यांना पुढचं धड दिसत नव्हतं.

पाचव्या खेपेला ती किंचाळत पळाली. खात्रीसाठी त्यांनी आणखी तीनदा गाडी नेली. तिन्ही वेळा ती तळ्यात शिरली.

मग इंजिन बंद करून मास्तर काठावर गेले. हातात मटार होते. त्यांनी बायको मारायची तशी हाक मारली, अगदी हळू. धाकटीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि पोहत पलीकडच्या काठाला गेली.

"शिकली बघा," बाई म्हणाल्या.

मास्तरांना एकदाच, फक्त एकदाच, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. पण त्यांनी दुसरी हाक मारली नाही. ती आली असती, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं.