कुंपणावरची शिराझ

मित्रांनो, गेले कित्येक दिवस माझ्यावर घोर अन्याय होत होता. घरात बरोसा खोऱ्यातली उंची शिराझ, म्हणजे रेड वाइन, होती, पण बूच काढायचा स्क्रू नव्हता. इथे ऑस्ट्रेलियात भल्याभल्या वाइनला फिरकीचं झाकण असतं. बुचाची नेमकी माझ्याच वाट्याला यावी?

बाटली शेजारच्या कीथची. म्हातारा एकटाच राहतो. कोविड झाला, तेव्हा अँब्युलन्समध्ये चढण्याआधी ती कुंपणावर ठेवून म्हणाला, "आलो तर दोघं पिऊ, मेट. नाही आलो तर तू एकटा पी."

असल्या अटीवर कोण पिणार? मी स्क्रू मुद्दामच आणत नाही, हे माझ्या बायकोने, मनीषाने, केव्हाच ओळखलं होतं.

आज कीथ वेस्टमीड हॉस्पिटलमधून घरी आला. पार वाळलाय, पण जीभ शाबूत. मी बाटली कुंपणावर ठेवली, आणि पलीकडे स्वतःच्या स्क्रूने बूच काढता काढता त्याचं भाषण सुरू!

"युरोपातले द्राक्षमळे किडीने खाल्ले. साउथ ऑस्ट्रेलियाने बाहेरच्या वेलींना बॉर्डर बंद केली, म्हणून ह्या वेली माझ्या पणजोबांच्या काळापासून उभ्या आहेत."

"म्हणजे वेलींनाही क्वारंटाइन?"

"मग? जगल्या ना!"

अर्धी वाइन आपल्या काचेच्या जगमध्ये ओतून त्याने कुंपणावर ठेवली आणि तो मागे सरकला. चव विचाराल तर सांगता येणार नाही. मी त्याच्याकडेच बघत होतो.

रिकामा जग धुऊन परत द्यायला निघालो, तर मनीषा कडाडली, "शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देतोस?"

मित्रांनो, परदेशात तुम्ही अजून पाळता का हे?

मी जगमध्ये काठोकाठ कोकम सरबत भरलं आणि कुंपणावर ठेवून आलो.