महूची दोन झाडं आणि माझ्या विटा

सातपुड्याच्या पायथ्याला कसं जायचं, असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात. जा की, अवश्य जा! मी मात्र नव्वद सालाच्या आसपास गेलो होतो तो फिरायला नव्हे, भांडायला. नोकरी जळगावला, घर बांधत होतो धुळ्याला, आणि विटा यायच्या होत्या शिरपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या एका भट्टीवरून. मार्च निम्मा सरला तरी ट्रकचा पत्ता नाही, गवंडी हातावर हात ठेवून बसलेले. म्हटलं, आता समोर जाऊनच त्या भट्टीवाल्याची खरडपट्टी काढतो.

सकाळच्या एसटीने निघालो. एरंडोल, पारोळा करत धुळं यायला तेव्हा तीनेक तास सहज लागायचे. हाडं खिळखिळी व्हायची, पण दुतर्फा निंब-चिंचेची सावली तरी होती. आता रस्ता रुंद झालाय, लवकर पोहोचाल. सावली मागू नका, ती कापून टाकली मेल्यांनी. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर. स्टँडसमोर शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली, दहाच्या नोटेत पोट भरलं. तिथे गेलात तर हेच मागा, पनीरबिनीर मागून हसं करून घेऊ नका.

पुढे जीप, आणि शेवटचं मैलभर पायी. पाणी बरोबर घ्या, मी घेतलं नव्हतं. भट्टीपाशी पोहोचेपर्यंत जीभ टाळूला चिकटलेली.

तिथलं दृश्य बघून मी विटा विसरलोच. शेजारचं अख्खं शेत हातभर खोल खरवडलेलं. कापसाची काळीभोर माती कापून तिच्या विटा पाडल्या होत्या, आणि खाली उरला होता नुसता मुरूम. बांधावर एक महूचं, म्हणजे आपल्या मोहाचं, झाड आडवं पडलेलं, शेजारी दुसरं उभं. पडलेल्या खोडावर एक म्हातारी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. करवतवाले दोघं बाजूला बिड्या ओढत उभे.

भट्टीवाला शांतपणे म्हणाला की उशीर या बाईमुळे झालाय. दगडी कोळसा आला नाही, म्हणून शेतमालकाकडून त्याने ही दोन्ही झाडं जळणाला विकत घेतली होती. पहिलं पाडलं तेव्हापासून ती रोज येऊन बसते, उठत नाही.

म्हातारी पायथ्याच्या पाड्यावरची, पावरा आदिवासी. माझ्याशी अहिराणीत बोलली. "जमीन त्यानी शे, झाड आमनं शे," जमीन त्याची, झाड आमचं, एवढंच. मग करवतवाल्यांपैकी एकाने समजावलं. तिकडे जमीन कितीही हातांतून जावो, महू ज्या घराचा त्याच घराचा राहतो. मार्च-एप्रिलात त्याची फुलं वेचून वाळवायची, ती खाऊन-विकून पावसाळ्यापर्यंत चूल पेटती ठेवायची. नवीन शेतमालकाला हा रिवाज ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक करून घ्यायचा नव्हता. बांध आपला म्हणजे झाडही आपलं, असं धरून तो मोकळा झाला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जे तोंडाला आलं ते बोललो. माती खाल्लीत, झाडं खाल्लीत, आता डोंगरही भाजून खा म्हणालो. सगळा धूर वर जातो, तो काय तुमच्या बापाच्या आभाळात मावतो का, असंही विचारलं. भट्टीवाल्याने सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, वरडता कोणावर? रचलेली भट्टी तुमच्याच विटांची आहे. लाकूड नको असेल तर सांगा, पेटवत नाही. मग घर दिवाळीनंतर बांधा."

म्हातारीने मान वर करून विचारलं, "घर तुमनं शे का?"

मी मान हलवली. ती खोडावरून उठली, टोपली घेतली आणि उभ्या झाडाखाली जाऊन बसली.

निघताना मी भट्टीवाल्याला बजावलं, जे पडलं ते पडलं, दुसऱ्या झाडाला हात लावायचा नाही, कोळसा येऊ दे. तो लगेच "बरं" म्हणाला, आणि इतक्या लगेच म्हणाला याचा मला राग यायला हवा होता. दिवाळीनंतर बांधतो, हे शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. परतीच्या एसटीत शेतमालकाला, भट्टीवाल्याला, सरकारला मनातल्या मनात शिव्या घालत जळगाव गाठलं.

आज माझी पुतणी घरं बांधते. एका घरापायी किती माती, किती सिमेंट, किती कोळसा आणि किती धूर, याचा हिशेब ती मला ऐकवते, आणि मी मोठ्या तावातावाने तिला या प्रवासाची गोष्ट सांगतो. भट्टीवाल्याला कसं झाडलं, तेही सांगतो. शेवट मात्र सांगत नाही.

पंधरा दिवसांत विटा आल्या. लालबुंद, खणखणीत, एकही कच्ची नाही. गवंडी खूश. ट्रकवाल्याला मी चहा पाजला, इकडचं तिकडचं विचारलं. कोळसा आला होता का, एवढं सोडून सगळं विचारलं.