शेवग्याचा पाला

१९५३ साली कोल्हापुरात नर्सिंग शिकणाऱ्या अक्काताई मगदूमला ‘अ’ जीवनसत्त्वाचा धडा झाल्यापासून चैन पडेना. ते कमी पडलं की दिवेलागणीनंतर माणसाला दिसत नाही म्हणे. जैनाचं घर, जेवणं दिवस मावळायच्या आत. म्हशीचं दूध सगळं रतिबाला जायचं, घरात उरायचं नाही. अंधार पडला की आई भिंत चाचपत अंथरुणाकडं जायची. तिला दिसत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं!

पुस्तकात उपाय काय, तर अंडी, माशाचं तेल, गाजर. घरात तिन्ही वर्ज्य, कंद म्हणून गाजरसुद्धा. तिनं चिडून पान उलटलं. पुढं शेवग्याचा पाला होता.

शनिवारी घरी जायला तिनं कागलची एसटी गाठली. आई परसात शेवग्याचाच पाला ओरबाडत होती.

“कुणाला गं हा?”

“म्हशीला. लई ताकद असती की ह्यात!”