डाक आवृत्तीच्या आतल्या पानावर

ती झेरॉक्स आजही डोळ्यांपुढून हलत नाही. जुन्या स्थानिक दैनिकातली दोन परिच्छेदांची बातमी, 'पेपरफुटी प्रकरणी शिक्षिकेस अटक' असा मथळा आणि खाली लाल शाईत एक ओळ: 'रविवारच्या सभेत सही करा, नाहीतर ही प्रत प्रत्येक दारात पडेल.'

सकाळची हजेरी चालू असताना एक मध्यमवयीन गृहिणी ती घेऊन पोलीस ठाण्यात आल्या. बातमीतली शिक्षिका म्हणजे त्यांची आई. वय सत्तरीपुढे, मार्केट यार्डाच्या वरच्या अंगाला एका जुन्या सोसायटीत राहणारी. सोसायटीतली निम्मी मुले त्यांच्याकडे शिकवणीला जाऊन मोठी झालेली, म्हणून सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. इमारत पाडून नवी बांधायचे घाटत होते. करार पुरता वाचल्याशिवाय सही करणार नाही, असे म्हणणाऱ्या बाई एकट्याच होत्या.

"आईला कोर्टानं निर्दोष सोडलं होतं हो, साहेब," मुलगी म्हणाली. "पण ते कुठं छापूनच आलं नाही. लोकांच्या नजरा नकोत म्हणून आम्ही कसबा पेठेतली खोली सोडून इकडे आलो. पाकीट आल्यापासून आई नीट जेवलेली नाही. सही करून टाकते म्हणते. त्यानंतर मी असेन असं धरून चालू नका, असंही म्हणाली."

हे शेवटचे वाक्य मला धोक्याचे वाटले. गुन्हा नोंदवून घेतला आणि एका महिला शिपायाला साध्या वेशात बाईंच्या घरी पाठवले. पाहुणी म्हणून राहायचे आणि बाईंना एकटे सोडायचे नाही, एवढेच तिचे काम.

संशय बिल्डरच्या दलालावर होता. सह्या गोळा करायला बाईंच्या दारी तोच खेटे घालत होता. त्याला बोलावले. गडी आला तो चहा सांगण्याच्या थाटात खुर्चीवर बसला. तालुक्याच्या गावातून येऊन पुण्यात जम बसवलेला, पण बोली तिकडचीच.

"पाकीट कुनी टाकलं मला काय ठावं? आन् साहेब, समदं नेटवर हाय. जुनं पेपर कुनीबी काढंल. किती जनांना धरनार?"

'नेटवर आहे' हे उत्तर हल्ली आरोपींना पाठच असते. पण त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयाने त्या दैनिकाचे अंक स्कॅन करून खरोखरच सर्वांसाठी खुले केले होते. मला त्याला सोडावे लागले. जाताना त्याने मला नमस्कार केला, त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी त्या ग्रंथालयातल्या संगणकापुढे बसलो. झेरॉक्सवर तारीख नव्हती, पण महिना मुलीला आठवत होता. एकेक अंक उघडत गेलो आणि बातमी सापडली. पहिल्या पानावर, तीन कॉलमांत, शाळेच्या फोटोसकट. हातातली झेरॉक्स मात्र एका कॉलमाची, तुटक, आणि शेजारी पाण्याच्या पंपाची जाहिरात. दैनिक तेच, मथळा तोच, पान वेगळे.

माझे बालपण तालुक्याच्या गावी गेले. आमच्याकडे यायची ती डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावच्या गाड्या गाठायच्या म्हणून आधी छापून काढलेला अंक. उशिराची बातमी त्यात त्रोटक असायची. पुण्यात काकांकडे गेलो की तोच पेपर निराळा दिसायचा. ग्रंथालयाच्या माणसाला विचारले. स्कॅन केलेली फक्त शहर आवृत्ती, डाकेचे अंक त्यांनी कधी जपलेच नव्हते. म्हणजे ही प्रत नेटवरून आलेली नव्हती. ती बाहेरगावच्या एखाद्या वाचनालयातून आली होती, आणि दलालाच्या गावी तसे जुने वाचनालय होते.

शनिवारी जीप काढली. सभा दुसऱ्या दिवशी होती. बाई आज बोलल्याच नाहीत, असा महिला शिपायाचा फोन वाटेत आला.

वाचनालयाचे ग्रंथपाल गठ्ठे काढताना म्हणाले, "एवढ्यात यांना फारच मागणी आली. मागच्या महिन्यात आमच्याच गावचा एकजण बसला होता. आजोबांच्या सत्काराची बातमी शोधतोय म्हणाला. पुण्यात जागांची कामं करतो."

दलालाचा फोटो त्यांनी ओळखला. सोबत आलेले हवालदार त्यांचा जबाब लिहून घेत होते तोवर मी पुढचे अंक उलटत राहिलो. मुलीचे 'कुठं छापूनच आलं नाही' हे शब्द डोक्यातून जात नव्हते. बऱ्याच महिन्यांनंतरच्या एका अंकात, आतल्या पानावर तळाशी, चार ओळी दिसल्या: 'पेपरफुटी खटल्यातील शिक्षिका निर्दोष'. शहर आवृत्तीतले तेच पान मी नंतर पाहिले. त्या जागी साड्यांच्या सेलची जाहिरात होती.

संध्याकाळी दलाल पुन्हा समोर बसला. या वेळी मी दोन्ही आवृत्त्यांची पाने शेजारी शेजारी ठेवली.

"हे नेटवरचं. हे तू टाकलेलं. हे पान पुण्यात कुठंच नाही. तुझ्या गावात आहे."

त्याने दोन्ही पाने जवळ ओढली. पेपर एकच असतो, मग पाने दोन कशी, हेच त्याला उमगत नव्हते. नेटवर माग राहील आणि पुण्यात कोणी बघेल, म्हणून तो गावी गेला होता, आणि तिथेच अडकला.

"बाईंच्या जुन्या पेठेत कुजबुज ऐकली व्हती, साहेब," तो अखेर म्हणाला. "म्हनून हुडकली."

"पुढचे अंक चाळलेस?"

"चाळलं."

"सुटकेची बातमी दिसली?"

"दिसली की." त्याने मान वर केली नाही. "तिचा काय उपेग व्हता?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत आरोपीवर हात उगारण्याची इच्छा मला क्वचितच झाली. त्या संध्याकाळी झाली. त्याला अटक करून मी तडक बाईंकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावून त्या चार ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या.

"म्हणजे कुणीतरी छापलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी सुटले हे फक्त मलाच माहीत आहे." मग मुलीला म्हणाल्या, "भात टाक गं थोडा."

रविवारच्या सभेला मी मागे बसलो होतो. सहीचा विषय निघण्याआधी बाई उभ्या राहिल्या आणि दोन्ही बातम्या त्यांनी स्वतः वाचून दाखवल्या. एकही शब्द गाळला नाही.  त्यांच्याच जिन्यातले एक वयस्कर सभासद उठले.

"बाई, पहिली बातमी आम्ही तेव्हाच वाचली होती. तरी पोरं तुमच्याकडेच पाठवली. दुसरी आज कळली. बसा आता, करार वाचायचाय ना?"

बाई खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. अटक झाली की वार्ताहरांना आम्हीच कळवतो, नावगावासकट. सुटका झाली की कळवायला कोणी नसते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, माझ्या ठाण्याच्या खटल्यातून कोणी निर्दोष सुटले की मी स्वतः त्याच वार्ताहरांना फोन लावत असे. "जागा नाही हो, साहेब," असेच उत्तर बहुधा यायचे. तरी मी लावत राहिलो.